बिनशिरेची फरसबी

बाजारातून फरसबी आली की ती निवडायला मी बसतो. घरच्यांना वाटतं, निवृत्त माणसाचा वेळ जात नाही म्हणून बसतो. सुनेने आधी दोन-चार वेळा नको नको म्हणून पाहिलं, आता ती सूप मुकाट्याने माझ्यापुढे आणून ठेवते. मी शेंग घेतो, देठाकडचं टोक मोडतो आणि नखाने मागे ओढतो. शीर येते. दर वेळी येते, लांबच लांब, थेट शेवटापर्यंत. सूपभर शेंगा निवडून झाल्या तरी पुढच्या शेंगेची शीर येणार नाही अशी वेडी आशा मी धरून असतो, आणि आली की मनातल्या मनात चिडतो. ती चीड भाजीवाल्यावर नसते.

कारण आमच्या या सपाट, उकडत्या मुलखात एक फरसबी अशी होती की जिची शीर येत नसे. ती माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, पापनाशमच्या घरामागे कोल्लैत व्हायची. कोल्लै म्हणजे परसू. पण आम्हा तंजावरच्या मराठ्यांच्या घरांत परसू म्हटलं तर कोणी वळूनही बघणार नाही. ती फरसबी माझ्यामुळे गेली. एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि जिला ते सांगायला हवं होतं तिला ते मी कधी सांगितलंच नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या गोष्टी या. फरसबी तेव्हा आमच्याकडे डोंगरावरून करंड्यांतून येई, आणि ती मुख्यतः साहेबांच्या बंगल्यांसाठी. आमच्या वाट्याला यायची तोवर तिची चिवट दोरी झालेली असायची. इथल्या गाळाच्या मळईत ती लावली तर वेल चढे, फुलं येत, आणि ऊन जरा तापलं की सगळी फुलं जमिनीवर. पापनाशमजवळ कालव्याच्या इंजिनिअराचा बंगला होता. तिथल्या माळ्याच्या बायकोने मुरवलेल्या लिंबांच्या बदल्यात अक्काला या बियांची एक मूठ दिली. अक्का तेव्हा नव्याने संसाराला लागली होती, आणि फुकटचं काही वाया घालवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

पहिल्या वर्षी सगळ्या वेलींची फुलं गळाली, तीन वेलींची मात्र राहिली. दुसरी कोणी असती तर त्या तीन वेलींच्या शेंगांची भाजी करून मोकळी झाली असती. अक्काने त्यांना लुगड्याच्या काठाच्या चिंध्या बांधल्या आणि घरात कोणाला हात लावू दिला नाही. त्यांचं बी पुढच्या वर्षी लावलं. त्यातून पुन्हा ज्या वेली उन्हात फुलं धरतील त्या राखल्या. मग तिने नखाची परीक्षा सुरू केली. प्रत्येक वेलीची एकच शेंग मोडायची. कट्‌ असा आवाज आला पाहिजे, आणि पाठीवर नख ओढलं तर शीर उठता कामा नये. जिची शीर उठेल ती वेल स्वयंपाकघराची. जिची उठणार नाही तिला चिंधी, आणि तिची एकही शेंग पुन्हा तोडायची नाही, सगळ्या वेलीवरच वाळू द्यायच्या.

म्हणजे त्या घरात वर्षानुवर्षं वाईट शेंगा खाल्ल्या गेल्या. भाऊजी तालुका कचेरीत कारकून होते, गरीब स्वभावाचे. पानावर बसले की दातांतून शीर ओढून काढत आणि म्हणत, चांगल्या शेंगा मडक्याला आणि दोऱ्या नवऱ्याला. अक्का हसायची, पण नियम मोडायची नाही. पंधरा-सोळा वर्षांनी अशी वेळ आली की कोल्लैतल्या एकाही वेलीची शीर उठेना. त्या वर्षी तिने पहिल्यांदा भाऊजींना चांगल्या शेंगांची भाजी घातली, खोबरं पेरून. त्यांना वाटलं, भाजी जास्त शिजली आहे. अक्काने हे मला नंतर किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

बी ती मागेल तिला द्यायची. गल्लीतल्या चार-पाच घरी तिची फरसबी व्हायची, पण सगळ्याजणी कोवळ्या शेंगा बघून भुलत आणि खाऊन टाकत. पावसाळा संपला की वाटी घेऊन पुन्हा अक्काच्या दारात. ती रागवायची आणि द्यायची. फक्त मडकं कधी उपडं करायची नाही. तळाशी राखेत एक मूठ बी राहिलंच पाहिजे, नवं बी त्याच्यावर येऊन पडलं पाहिजे, ही तिच्या सासरची रीत होती. भरल्या घराचं मडकं रिकामं दिसू नये, एवढंच कारण ती सांगे. मी शेतकीचा शिकलेला, म्हणून मला ती रीत म्हणजे बायकांचं खूळ वाटे.

मी तेव्हा तंजावरबाहेरच्या एका सरकारी मळ्यात फील्डमन होतो. नोंदी इंग्रजीत करायच्या, कामकऱ्यांशी तमिळ बोलायचं आणि घरी आलं की मराठी, असा माझा दिवस असे. आमचे अधिकारी त्या वर्षांत मैदानी मुलखात होईल अशी फरसबी शोधत होते. परदेशातून, डोंगरावरून बियांच्या पुड्या येत. आम्ही त्यांना नंबर द्यायचो, लावायचो, आणि माघातलं ऊन तापलं की पुड्यांची किंमत कळायची. एकदा वैतागून मी म्हणालो, असली फरसबी माझ्या बहिणीकडे कधीपासून होते आहे. त्यांनी आधी ते थट्टेवारी नेलं. मग एका सकाळी आगगाडीने माझ्याबरोबर पापनाशमला आले.

कोल्लैत उभे राहून त्यांनी एक शेंग मोडली, नख ओढलं, मग दुसरी, मग तिसरी. नंतर ते खाली बसले आणि अक्काला तमिळमध्ये विचारू लागले की कुठली वेल राखायची हे ती कसं ठरवते. अक्का पदर सावरून दारातून उत्तरं देत होती. निघताना ते मला म्हणाले की आम्ही पगार घेऊन जे करतो ते या बाईंनी चूल सांभाळून केलं आहे. मला इतका अभिमान वाटला की तो मी घरी सांगितलाच नाही, मनातच ठेवला. सांगितला असता तर त्याची वाफ गेली असती आणि पुढचं कदाचित टळलं असतं.

आता रीतसर चाचणी व्हायची होती. चार गट पाडायचे, प्रत्येक गटात प्रत्येक वाणाचा एक वाफा, आणि वाफ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, म्हणजे चांगली जमीन कोणा एकाच्या वाट्याला येत नाही. तीन गटांतल्या कोवळ्या शेंगा दर दोन-तीन दिवसांनी तोडून वजन करायचं. चौथा गट बियाण्याचा. त्याला हात लावायचा नाही, हे अधिकाऱ्यांनी मला दोनदा बजावलं होतं.

अक्काने त्या वर्षी कोल्लैत न लावता सगळं बी दिलं, तळची मूठ ठेवून. पेरणीच्या दिवशी मी मोजलं तर चौथ्या गटातली एक ओळ कमी पडत होती. अधिकारी म्हणाले, राहू दे, ओळ मोकळी सोड. पण माझ्या बहिणीच्या वाफ्यात ओळ मोकळी, आणि पुडीतल्या वाणांचे वाफे भरलेले, हे मला बघवेना. मी रजा टाकली आणि पापनाशम गाठलं.

अक्का तांदूळ निवडत होती. मी काय मागतो आहे ते कळल्यावर तिने सूप खाली ठेवलं. दुसरं कोणी ऐकत असलं की ती मला तमिळीत तंबी म्हणायची, धाकटा भाऊ म्हणून, चिडवायला. तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, तरी म्हणाली.

"हें नेलंस तर मडक्यांत काय राहील रे, तंबी?"

मी तिला व्याख्यान दिलं. जुनं बी मडक्यात पडून मरतं, जमिनीत गेलं की एकाचे शंभर होतात, फाल्गुनात सरकार तुला मडकं काठोकाठ भरून परत देईल. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिने एवढंच विचारलं.

"सरकार देईल कीं तूं देशील?"

मी म्हणालो, मी देईन.

"मग ने."

तिने मडकं उपडं केलं. राख जमिनीवर पसरली, तिच्यातून तिने एकेक बी वेचून माझ्या रुमालात घातलं. मग देवघरातून एक हळकुंड आणून रिकाम्या मडक्यात टाकलं आणि मडकं जागेवर ठेवलं. मला ते बघून हसू आलं होतं, हेही आता लिहून टाकतो.

फरसबी झाली मात्र दृष्ट लागण्यासारखी. पोंगलनंतर पहिली तोडणी झाली. अक्काचा वाण पहिल्या दोन गटांत सगळ्यांच्या पुढे होता. तिसऱ्या गटात चिठ्ठीने त्याला पाटाकडचा खोलगट कोपरा दिला होता. तिथे पाणी साचायचं, वेली पिवळ्या पडल्या, शेंगा थोड्या. तिन्ही गटांची बेरीज केली की अक्काचा वाण दुसरा यायचा, आणि परदेशी पुडीतला एक वाण पहिला. फरक थोडाच होता. ज्याला शिरा येतात, ज्याच्या शेंगा दुसऱ्या दिवशी लुळ्या पडतात, तो पहिला.

अधिकारी तेव्हा आजारी पडून रजेवर गावी गेले होते. वजनाचा काटा आणि नोंदवही माझ्याकडे होती. चौथ्या गटात, दहा पावलांवर, अक्काच्या वेली शेंगांनी लगडलेल्या. मी त्यातली एक टोपली तोडली आणि तिसऱ्या गटाच्या वजनात घातली. मनाशी म्हटलं, त्या बिचारीच्या वाट्याला कोपरा आला तो काही न्याय नव्हे, मी नुसतं पारडं सरळ करतो आहे. असं मनाला समजावणं फार सोपं असतं.

एकदाच करायचं असं ठरवलं होतं. पण एका तोडणीत वजन वाढलं आणि पुढच्या तोडणीत पुन्हा पडलं तर वही बघणाऱ्याच्या डोळ्यांत येणार. म्हणून दुसऱ्या वेळी पुन्हा टोपली. मग तिसऱ्या वेळी. कामकरी बायांना वाटलं, साहेबांचा नवा हुकूम असेल. माघ असा गेला. बियाण्यासाठी राखलेल्या वेलींवर एक शेंग मी जून होऊ दिली नाही. अक्काच्या गल्लीतल्या बाया कोवळ्या शेंगा खाऊन टाकतात म्हणून मी त्यांना नावं ठेवायचो. मी खाल्ल्या नाहीत, तोलल्या, एवढाच फरक.

अधिकारी परतायच्या आधी मी हात आवरला. अजून वेळ होता. त्या वेली उन्हाला भिणाऱ्या नव्हत्याच, फाल्गुनाच्या उन्हात त्यांनी पुन्हा फुलं धरली, शेंगा भरल्या, पिवळ्या झाल्या. मी रोज जाऊन बघायचो. एक आठवडा मिळाला असता तर सगळं निभावलं असतं आणि मी हे कागद कधी काळे केले नसते. पण फाल्गुनाच्या शेवटी, जेव्हा आमच्याकडे आभाळात ढगाचा ठिपका नसतो, तेव्हा तीन दिवस पाऊस लागला. पाट फुगला, वाफ्यांत पाणी उभं राहिलं. पाऊस थांबल्यावर मी शेंग उघडली तर आत बियांना कोंब फुटलेले होते आणि त्यांच्यावर बुरशी चढली होती. तोडणीच्या गटांतल्या वेली आधीच उपटून झाल्या होत्या; या वाफ्यातल्या सगळ्या शेंगा मी उघडल्या. एक बी कोरडं मिळालं नाही.

माघात त्या वेलींना हात लावला नसता तर बी पावसाच्या कितीतरी आधी वाळून घरात आलं असतं. हे मला तिथेच, चिखलात उभा असताना कळलं.

अधिकाऱ्यांनी वही पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. अक्काचा वाण पहिला आला होता. बियाण्याच्या गटातला तिचा वाफा उशिरा पिकला आणि पावसाने नेला, असं मी सांगितलं. पाऊस खराच पडला होता, त्यामुळे त्यांनी आणखी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले की काही बिघडलं नाही, तुझ्या बहिणीच्या घरी मूठभर असेलच. मी मान हलवली. पुढच्या हंगामाच्या आत त्यांची बदली झाली, आणि नव्या माणसाला फरसबीत रस नव्हता.

मी गुपचूप पापनाशमला जाऊन अक्काच्या गल्लीतली घरं धुंडाळली. ती तीन दिवस सासरच्या एका मुंजीला गेली आहे हे बघून गेलो होतो. एकेका दारात जाऊन विचारलं, अक्काच्या फरसबीचं बी उरलंय का. त्या हसल्या. एक म्हणाली, तुमच्या अक्काकडेच मिळेल की. आम्ही कुठून ठेवायला.

मग मी जे केलं ते चोरीपेक्षा वाईट आहे. मळ्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या वाणाचं, त्याच परदेशी पुडीतलं, पावसाआधीच वाळून आलेलं बी रंगाने अक्काच्या बियासारखंच तपकिरी होतं. ते बी भेसळीचं, जरा लहान, पण ओंजळीत घेतलं तर फरक दिसायचा नाही असं मला वाटलं. थैली भरून मी तिच्या पुढ्यात ठेवली. ती थैलीत हात घालून बी बोटांतून सोडत राहिली.

"हें तेंच ना?"

"तेंच," मी म्हणालो.

दिवसभर मी दोन परक्या भाषांत वावरायचो, खोटं मात्र आईच्या भाषेतच बोललो.

तिने हळकुंड बाहेर काढलं, मडक्यात राख घातली, बी ओतलं, आणि हळकुंड पुन्हा वर ठेवलं. मला त्या दिवशी तिने डांगराची पच्चडी, दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, केली होती, माझ्या आवडीची. तिचा वाण सरकारात पहिला आला म्हणून. ती गल्लीभर सांगत होती. ती पच्चडी मी कशी गिळली ते माझं मला माहीत.

पुढच्या माघात मी पापनाशमला जायचं टाळत होतो. भाऊजींचं पत्र आलं, की तुझी अक्का विचारते, तेव्हा गेलो. पान मांडलं. फरसबीची भाजी होती. दुसऱ्याच घासाला शीर दातांत अडकली. भाऊजी खाली बघून जेवत होते, त्यांच्या पानाच्या कडेला शिरांची एक छोटी जुडी पडलेली होती. त्यांनी त्या दिवशी थट्टा केली नाही. मी ओठांआड शीर ओढली आणि कुठे ठेवावी ते कळेना म्हणून मुठीत धरून बसलो. अक्का वाढायला उभी होती. तिने ते पाहिलं.

"कडेला ठेव. आम्हीं सगळेच ठेवतों आतां," ती म्हणाली. मग भाताचं पातेलं खाली ठेवून, जणू भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तशी म्हणाली, "चार वेली राखल्या आहेत मी. पुन्हां साधेल म्हणून वाटतें."

जेवण झाल्यावर मी कोल्लैत गेलो. चार वेलींना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. अक्काचे केस तोवर बरेच पांढरे झाले होते. पहिल्या वेळी तिला पंधरा-सोळा वर्षं लागली होती. तिला सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. ती मागून आली, उजवीकडची वेल तिला बरी वाटते म्हणाली, आणि मी एवढंच म्हणालो की हो, बरी दिसते.

त्यानंतर ती पाच हंगाम होती. तिने मला कधी काही विचारलं नाही. मी गेलो की पानात शिरांची भाजी असायची आणि ती मला वेली दाखवायला न्यायची. तिला नक्की किती कळलं होतं याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला. बी बोटांतून सोडतानाच कळलं असणार. जिने सोळा वर्षं ते बी हाताळलं तिला मी रंगावर फसवायला निघालो होतो. एकदा जरी ती मला बोलली असती तरी मी तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं, असं मी स्वतःला सांगत असे. म्हणजे तेही काम मी तिच्यावरच टाकलं होतं.

ती गेल्यावर दिवसकार्य झालं, आणि भाऊजी मडकं घेऊन माझ्याकडे आले.

"उपडें करूं नको म्हणून सांगितलंय तिनें," ते म्हणाले आणि पाणी पिऊन निघून गेले.

वर हळकुंड होतं, खाली राख, राखेत बी. मी मूठभर तळाशी ठेवलं आणि बाकीचं माझ्या कोल्लैत लावलं. माघात एका वेलीची शेंग मोडली. कट्‌ आवाज आला. नख ओढलं. शीर उठली, अर्ध्यापर्यंत आली आणि तुटली. पुढची अर्धी शेंग स्वच्छ होती. पाच वर्षांत उतारवयात, माझ्या खोट्या बियातून, तिने ती अर्ध्यावर आणून ठेवली होती. मला वाफ्यातच रडू आलं.

त्याला आता अक्काला लागली होती त्याहून जास्त वर्षं झाली. दर हंगामाला मी वेली राखतो, चिंध्या बांधतो, ती करायची तसंच सगळं करतो. शीर अर्ध्यावरच तुटते. त्यापुढे ती माझ्या हातून एक बोटभरही सरकलेली नाही. तिला शेंगेत काय दिसायचं ते मी तिला विचारून घेतलं नव्हतं, ते अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, आणि मी तेव्हा अभिमानाने कोल्लैभर हिंडत होतो.

कोल्लैत एवढ्या शेंगा असताना आपण बाजारातून विकत का आणतो, असं सून कधीमधी विचारते. त्या राखलेल्या आहेत, असं मी सांगतो, आणि सूप पुढे ओढून शिरा काढायला बसतो.